निरंक अहवाल

‘ज्या शाळांत असा प्रकार नाही, त्यांनीही निरंक अहवाल आज दुपारी तीनपर्यंत सादर करावा. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींचा फोन उघडा, या नमुन्याचा एक तरी मेसेज सापडेल. प्रकार कोणता, हे तितकंसं महत्त्वाचं नाही. समजा, शाळेच्या आवारातल्या धोकादायक विहिरींबद्दल कुणा आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकला. मंत्रालयातून तो आयुक्तालयात उतरतो, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. प्रत्येक मुक्कामी दोन दिवस जिरतात आणि शाळेत पोचेपर्यंत हातात उरतात दीड तास. शाळेत विहीर नाही. हे गुरुजींना माहीत आहे, गावाला माहीत आहे, केंद्रप्रमुख तर त्याच आवारात उभे राहून स्वच्छतेची शपथ घेऊन गेलेत. तरीही विहीर नाही हे लेखी लागतं. ठरलेल्या नमुन्यात, सहीशिक्क्यासह, दोन प्रतींत. नसलेल्या विहिरीचा जिओ-टॅग फोटो अजून कुणी मागितलेला नाही. हे सदर छापून येईपर्यंत तोही मागवला जाईल.

या दीड तासात चौथीचा भागाकार चालू असतो. तो उद्यावर जातो. भागाकाराचा निरंक अहवाल मात्र कुणी मागत नाही.

शिक्षकांच्या कामाच्या तासांवर आपल्याकडे चर्चा होत नाही, फक्त असूया होते. ‘मास्तरांना काय, निम्मं वर्ष सुट्टी,’ हे वाक्य बँकेतला क्लार्क म्हणतो, एसटीतला कंडक्टर म्हणतो आणि ज्यांच्या घरात तीन शिक्षक आहेत असे मेहुणेही म्हणतात. रविवार सोडले तर शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मिळून वर्षाला ७६ च्या पुढे जाऊ नयेत, असा राज्याचा दंडक आहे. निम्मं वर्ष कसं होतं, ते मेहुण्यांनी फळ्यावर सोडवून दाखवावं.

गणिताचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं गणितही पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, असं त्यात म्हटलंय. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करायचं, तयारीचे तास धरून, असंही म्हटलंय. ८०० ला २०० ने भागा, रोजचे चार तास शिकवणं आलं. ४५ तास सहा दिवसांत वाटा, रोजचे साडेसात आले. उरले साडेतीन. हे साडेतीन तास कशासाठी? टाचण काढायला, वह्या तपासायला, मागे पडलेल्या पोराला शेजारी बसवून घ्यायला, काल शिकवलेलं पोरांना का कळलं नाही याचा विचार करायला. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विचार करणारा शिक्षक होता. बिचारे.

कारण या साडेतीन तासांचं गावच्या गायरानासारखं झालं. मालक सरकार, राखणदार कुणी नाही, आणि जागा मोकळी दिसते म्हटल्यावर ज्याला त्याला खुंटी ठोकावीशी वाटते. आधी निवडणूक शाखा आली, मग आरोग्य खातं, मग पुरवठा, मग ग्रामविकास. शेवटी खुद्द शिक्षण खात्यानेच सगळ्यात मोठं अतिक्रमण केलं आणि साडेतीन तास संपल्यावर कुंपण सरकत सरकत शिकवण्याच्या चार तासांत शिरलं.

कायद्यात राखणदार नाही असं नाही. २७ वं कलम आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं सोडून शिक्षकांना कुठल्याही अशैक्षणिक कामाला लावू नये, असं ते स्पष्ट सांगतं. त्याच्याही आधी, २००७ साली, सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला सांगितलं होतं की मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशी द्या. इतकं सरळ सांगितल्यावर प्रशासनाने काय केलं? तीन अपवादांनाच नियम केलं. ‘निवडणूक’ म्हणजे मतदानाचे दोन दिवस असं आपल्याला वाटतं. पण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) नेमलेल्या बाईंना विचारा. त्यांची निवडणूक बारमाही असते. कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण पुण्याला कंपनीत लागलं, कुणाचा फोटो जुना आहे, हे शाळा सुटल्यावर दारोदार विचारत फिरायचं. त्याचा मोबदला २०२५ मध्ये दुप्पट झाला: वर्षाला सहा हजारांचे बारा हजार. महिन्याला हजार रुपये. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यासह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत याद्यांची विशेष फेरतपासणी निघाली, काही बीएलओंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, आणि जादा माणसं द्या, यांच्यावरचा ताण कमी करा, हे राज्यांना सांगण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली. म्हणजे कामाच्या तासांचं व्यवस्थापन सरन्यायाधीशांच्या टेबलापर्यंत गेलं. त्याच्या आधीच्या टेबलांवर बसलेली मंडळी बहुधा निरंक अहवालांची वाट पाहत होती.

जनगणना २०२१ ची, ती झाली नाही. घरयादी २०२६ मध्ये आणि शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं वेळापत्रक ठरलं. दहा वर्षांनी यायची ती सोळा वर्षांनी आली, आणि मधल्या काळात गुरुजी मोजणी विसरू नयेत म्हणून सरावाची सोय करण्यात आली. कोविडमध्ये तपासणी नाक्यावर आणि रेशन दुकानासमोर उभं केलं, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’मध्ये घरोघर तापमान मोजायला लावलं. २०२३ मध्ये निरक्षर शोधायला सांगितलं. तेव्हा संघटनांनी बहिष्कार घातला. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं. मोबाइलवरचं अ‍ॅप, दीडशेच्या वर प्रश्न आणि आठवडाभराची मुदत. गोठा किती, गाडी कोणती, विधवा पुन्हा कुंकू लावते का, अशी चौकशी करत गुरुजी ज्यांच्या दारात उभे होते, त्यांचीच मुलं शाळेत गुरुजींची वाट पाहत होती.

यातलं प्रत्येक काम गरजेचं होतं, हे मान्य. एकाही कामासाठी दुसरं कुणी का सापडलं नाही, एवढाच प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने यावर तोडगा काढला. सरकारी तोडगा असतो तसा, म्हणजे वर्गवारी. शासन निर्णय निघाला आणि कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक अशी यादी झाली. फार छान झालं. पूर्वी गुरुजी रात्री अकराला माहिती भरायचे तेव्हा ती कोणत्या प्रकारात मोडते हे त्यांना कळत नसे. आता कळतं, आणि ते समाधानाने भरतात.

कारण खरी मौज ‘शैक्षणिक’ कामांतच आहे. ‘सरल’ आहे, ‘यू-डायस’ आहे, पगाराचं ‘शालार्थ’ आहे, पोषण आहाराचं अ‍ॅप आहे, आधारची पडताळणी आहे, ‘अपार’ क्रमांक आहेत. २०२३ च्या अखेरीस हजेरीसाठी चॅटबॉट आला. म्हणजे मुलं ‘हजर’ म्हणतात ते गुरुजींनी ऐकायचं आणि मग गुरुजींनी ते यंत्राला सांगायचं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन सांगायचं. एकाच मुलाचं नाव, जन्मतारीख, जात आणि आईचं नाव या सगळ्या पोर्टलांवर वेगवेगळं भरायचं, आणि आधारवर ‘गणेश’च्या जागी ‘गनेश’ असेल तर सगळं नामंजूर. मग गणेशच्या बापाला निरोप. बाप ऊसतोडीला कर्नाटकात. गणेशही तिकडेच. पण पटावर त्याचं आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत (शाळेची शिक्षकपदं ठरवताना) आकडा घटतो, आकडा घटला तर पद जातं, पद गेलं तर उरलेल्या गुरुजींकडे चार वर्ग येतात. तेव्हा ‘न’चा ‘ण’ करणं हे शिकवण्याहून तातडीचं, यात शंका नाही.

यात नोडल अधिकारी नावाची चीज आहे. प्रत्येक योजनेला शाळेत एक नोडल शिक्षक नेमायचा असतो. तंबाखूमुक्त शाळेचा वेगळा, पोषण आहाराचा वेगळा, इको क्लबचा वेगळा, परसबागेचा वेगळा, तक्रारपेटीचा वेगळा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात शाळा-रुग्णालयांचे परिसर बंदिस्त करायला सांगितले आणि प्रत्येक संस्थेत त्याची देखरेख करणारा नोडल अधिकारी असावा म्हटलं. हेतू चोख आहे. पोरांना कुत्रं चावू नये हे कुणाला नको आहे? पण देशात एकशिक्षकी शाळा लाखाच्या वर आहेत. तिथे तंबाखूचा नोडल, खिचडीचा नोडल, वांग्यांचा नोडल आणि कुत्र्यांचा नोडल यांची संयुक्त बैठक घ्यायची झाली तर गुरुजींनी आरशासमोर उभं राहायचं. इतिवृत्त लिहायचं. फोटो काढायला पोरांपैकी कुणाला तरी सांगायचं, कारण बैठकीचा फोटो लागतो.

फोटो हा तर या व्यवस्थेचा प्राण. झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो, पुस्तक वाचलं की फोटो. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात गुण होते आणि गुणांना पुरावे लागत. २०२४ च्या सुरुवातीला तर मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून पालक आणि मुलांनी सेल्फी काढायचे होते आणि ते चढवले गेले की नाही हे पाहायचं होतं शाळेने. पंतप्रधानांच्या परीक्षेवरच्या चर्चेला नोंदणी किती झाली, याचा पाठपुरावा परीक्षेच्या तयारीहून कसोशीने होतो. मुलांना हळूहळू समजत गेलंय की एखादी गोष्ट करायची असते ती गुरुजींनी मोबाइल वर धरला की. हात धुण्याच्या दिवशी नळाला पाणी नसलं तरी पोरं झकास हात धुतात.

याच फोटोप्रेमातून २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ आलं: वर्गात शिक्षकाचा फोटो लावायचा. गुरुजींच्या जागी कुणी बदली माणूस शिकवत नाही ना, यावर वचक बसावा असा उद्देश होता. शिक्षकांना तो अपमान वाटला. मला मात्र योजनेत दूरदृष्टी दिसते. गुरुजी प्रशिक्षणाला, गुरुजी तालुक्याला, गुरुजी मतदार यादीला, अशा दिवशी वर्गावर निदान फोटो तरी हजर असतो. पुढे मार्च २०२४ मध्ये जीन्स आणि टी-शर्ट घालू नका असा पोशाखाचा आदेश आला आणि डॉक्टरांसारखं नावामागे ‘टि’ (म्हणजे टीचर) लावायची मुभा मिळाली. काम कमी करता येत नसेल तर उपाधी वाढवावी, ही राजेशाहीतली रीत आहे.

इंग्लंडमध्ये हे प्रकरण जरा कोरडेपणाने हाताळतात. तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकाला मुख्याध्यापक वर्षाला १९५ दिवसांत मिळून १२६५ तासच काम नेमून देऊ शकतात; तयारी आणि तपासणीसाठी वेळापत्रकातला किमान दहावा भाग मोकळा सोडावा लागतो. २००३ साली तिथे करार झाला आणि शिक्षकाने करू नयेत अशा कामांची यादीच निघाली: मुलांकडून पैसे गोळा करणं, ढिगाने झेरॉक्स काढणं, भिंतींवर तक्ते चिकटवणं. ही यादी आपल्याकडच्या एखाद्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवावी. झेरॉक्सपर्यंत ते गंभीर राहतील, तक्त्यांना हसतील. तिथले शिक्षकही वैतागलेले आहेत आणि नोकऱ्या सोडतात, तेव्हा साहेबाचं सगळं बरं असं समजायचं कारण नाही. पण १२६५ हा आकडा आहे, आणि आकडा असला की त्याच्यावरून भांडता येतं. आपला ४५ तासांचा आकडा परिशिष्टात आहे. त्यावरून भांडायला कुणी गेलंच तर आधी विहित नमुन्यात अर्ज करावा लागेल.

शिक्षकाला गावातली आणखी कामं द्यावीत, ही कल्पना तशी नवी नाही. ती मांडणाऱ्यांत जोतीराव फुले आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं होतं की खेड्यातल्या शिक्षकाला जमेल तिथे गावचा हिशेब तपासायचं, दस्त नोंदवायचं, टपालाचं किंवा स्टॅम्प विकायचं काम द्यावं. पण त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात १५-२० असावा, आणि जास्त मुलं पास करणाऱ्याला वेगळा भत्ता मिळावा, हेही होतं. जोडकामातून शिक्षकाला गावात मान मिळावा, त्याचा शब्द चालावा, असा त्यांचा हिशेब होता. आपण जोतीरावांच्या फोटोला दरवर्षी हार घालतो (त्याचाही फोटो अपलोड करतो) आणि त्यांच्या निवेदनातलं अर्धं वाक्य अमलात आणतो.

खासगी शाळांतल्या बाईंना बीएलओचं काम बहुधा नसतं. त्यांना पालक असतात. रात्री दहाला ग्रुपवर ‘टीचर, उद्या यलो डे की ग्रीन डे?’ आणि साडेदहाला त्याच प्रश्नावर आठ अंगठे. पगाराचा आकडा सहीच्या कागदावर एक आणि हातात एक, हा तिथला जुना लोकाचार. त्यावर एक वेगळं सदर होईल.

आता शिक्षकांच्याही पदरात थोडं घालू. अशैक्षणिक कामांचा सगळ्यांनाच जाच होतो असं नाही. काहींना तो मानवतो. ‘तालुक्याला मीटिंग आहे’ हे वाक्य जिल्ह्यातल्या कितीतरी दुपारी कामाला येतं. वर्गावर जाण्यापेक्षा पंचायत समितीत फाइल घेऊन फिरणं ज्यांना अधिक भावतं, असे तंत्रस्नेही कारभारी प्रत्येक केंद्रात एखाद-दुसरे निघतात आणि साहेबांच्या एक्सेल शीट त्यांच्याशिवाय हलत नाहीत. वर्षातून एकदा दिंडी-मोर्चा काढून आझाद मैदानावर ‘आम्हाला फक्त शिकवू द्या’ म्हणणाऱ्या संघटना बदल्यांच्या मोसमात शिकवण्याबद्दल फारशा बोलत नाहीत. हे लोक थोडे आहेत, पण मेहुण्यांच्या नजरेत तेच भरतात, आणि शाळा सुटल्यावर सहाला घरी पोचून, स्वयंपाक उरकून, पोळ्यांच्या पिठाच्या हातांनी ओटीपी टाकणाऱ्या बाई कुणाला दिसत नाहीत. देशातल्या शिक्षकांत आता निम्म्याहून जास्त बाया आहेत. त्यांचे तास कुठल्याच परिशिष्टात धरलेले नाहीत.

यावर कळस म्हणून १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं. गुणवत्तेचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. पण पन्नाशीला टेकलेल्या गुरुजींनी बालमानसशास्त्राचा अभ्यास कधी करायचा, हे वेळापत्रक कुणीतरी लावून द्यायला हवं. बालकांशी त्यांचा संबंध येऊन बरेच दिवस झालेत.

या सगळ्याचं मूळ शिक्षणशास्त्रात नाही, लेखाशीर्षात आहे. गुरुजींचा तास फुकट पडतो. पगार शिक्षण खातं देतं, काम बाकीची खाती घेतात. सर्वेक्षणाला बाहेरची माणसं नेमली तर निविदा काढावी लागते, दर ठरवावा लागतो, लेखापरीक्षणाला तोंड द्यावं लागतं. शिक्षक नेमले तर एक पत्र पुरतं, आणि नाही म्हणणाऱ्यासाठी दुसरं पत्र, कारणे दाखवा. जी वस्तू फुकट मिळते ती जपून वापरण्याइतकं कुठलंच खातं मूर्ख नसतं.

म्हणून एक सूचना. कामांची वर्गवारी पुरे झाली, आता दरपत्रक काढा. शिक्षकाच्या पगाराला वर्षाच्या तासांनी भागा, येईल तो तासाचा दर. ज्या खात्याला शिक्षक हवा त्याने तेवढे तास मागावेत आणि तेवढे पैसे जिल्हा परिषदेच्या खात्यात आगाऊ भरावेत. त्या पैशांतून त्या दिवसापुरता वर्गावर दुसरा शिक्षक. फॉर्म पाठवला तरी बिल, निरंक अहवाल मागवला तरी बिल, त्याच माहितीचा फॉर्म दुसऱ्यांदा पाठवला तर दुप्पट. ‘आज दुपारी तीनपर्यंत’ असेल तर तातडीचा अधिभार वेगळा. आणि हे बिल शिक्षण खात्यालाही लागू, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच आहे.

पहिल्या महिन्याची बिलं निघाली की दोन गोष्टी होतील. गणेशची जन्मतारीख सगळ्या पोर्टलांवर आपोआप सारखी होईल. ते तंत्रज्ञान निधीअभावी आजवर उपलब्ध नव्हतं असं सांगण्यात येईल. आणि प्रत्येक खात्याला एकदम आठवेल की आपल्याकडेही कर्मचारी आहेत, त्यांना चालता येतं, आणि त्यांच्याही मोबाइलला कॅमेरा आहे.